साळवेमामांचा सडा

साळवेमामांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि चूक माझी होती.

मी नगरला घरं तपासण्याचं काम करते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, ऑफिसच्या पाटीवर मीही तेच लिहिलं आहे, पण तोंडात अजून नगरच येतं. जुनं घर विकत घेण्याआधी, किंवा त्यात तोडफोड करून नवं काही करण्याआधी, लोक मला बोलावतात. भिंती, छप्पर, ओल, तडे बघायचे आणि काय ते लिहून द्यायचं. त्या वेळी एका जोडप्याला राहुरीकडचं एक जुनं घर घ्यायचं होतं. घर भक्कम होतं. पुढच्या पडवीवर आणि मागच्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे होते. मी अहवालात लिहिणार होते, "छप्पर : पत्रे, स्थिती ठीक." मग वाटलं, पत्रा कितपत कुजलाय ते तरी बघावं. हातोडी काढली आणि कडेला एक टोला दिला. टवका उडाला आणि थोडा भुगा माझ्या ओढणीवर पडला.

"ओ मॅडम! ठिवा ती हातोडी. आधी खाली ठिवा!"

फाटकातून एक किडकिडीत म्हातारा लगबगीने आत येत होता. सत्तरीला टेकलेला, स्वच्छ पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि पाठीवर शेतकऱ्यांकडे असतो तसला फवारणीचा पंप. मला वाटलं, डासांचं औषध मारायला आला असेल. म्हटलं, "काका, तुम्ही तुमचं औषध मारा, मला माझं काम करू द्या." पंपाचा दांडा दोन-चारदा हलवला, जमिनीवर पडलेल्या तुकड्यांवर फवारा मारला आणि मग सरळ माझ्यावर मारला. मी किंचाळले.

"साबनाचं पानी हाय, मरत न्हाई तुमी," ते म्हणाले. "ती ओढनी काढा आन ह्या पिशवीत घाला. झटकू नका. झटकली की बोंबललं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी शिकली-सवरलेली बाई मी, आणि हा कोण कुठला माणूस परक्या अंगणात मला भिजवतो! भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एका चिमट्याने पत्र्याचा ओला तुकडा उचलून माझ्यासमोर धरला आणि तुटल्या कडेवरची बारीक पांढरी लव दाखवली. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, पत्रा फुटला की त्याचे न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासातून छातीत जातात आणि तिथेच राहतात, हे मी कॉलेजात शिकले होते. पुस्तकात एक पान होतं, परीक्षेपुरतं वाचलं होतं.

"कालेजात शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलं होतं," मी म्हटलं.

"मंग बरं हाय. इसरल्यालं आठवतं तरी. न शिकल्यालं कुठनं आठवायचं?"

साळवेमामांना त्या जोडप्यातल्या नवऱ्यानेच कुणाच्या सांगण्यावरून बोलावलं होतं आणि मला सांगायला विसरला होता. मामा सगळं घर फिरले. मग जोडप्यासमोर उभे राहिले, पण विचारलं फक्त बायकोला, "ताई, ह्या घरात झाडू कोन मारनार?"

तिला वाटलं, हे कुणासाठी तरी धुण्याभांड्याचं काम बघताहेत. ती म्हणाली, "मीच मारणार. का हो?"

"मंग तुमी ऐका. सायबांनी न्हाई ऐकलं तरी चालंल."

त्या दिवसापासून पत्र्याचं घर आलं की मी साळवेमामांना फोन करू लागले. गंगाधर साळवे हे त्यांचं नाव, पण सगळे मामाच म्हणत. घोडेगावच्या अलीकडे एका खेड्यात राहायचे. दुसऱ्या जिल्ह्यात पत्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. कारखान्याचं नाव मला कधी सांगितलं नाही. "नावानं काय फरक पडतो? समद्याच ठिकानी त्येच हुतं," एवढंच म्हणायचे. कारखाना बंद पडला, मामा गावी आले. त्यानंतर कधीतरी कुठल्याशा शिबिरात एका डॉक्टरने त्यांना ह्या पत्र्याचं खरं रूप सांगितलं. तेव्हापासून पंप पाठीला लागला तो लागलाच. जिथे जुनं घर मोडतंय असं कानावर येईल तिथे ते बोलावल्याशिवायही जात आणि अर्ध्या ठिकाणांहून हाकलले जात.

इतक्या घरी तोंडावर खरं बोलणारा हा माणूस एका घरी मात्र गप्प होता, आणि ते घर त्यांचं स्वतःचं होतं. हे मला कळायला दोन वर्षं लागली. हे लिहायला बसले आहे तेही त्यासाठीच.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी बाहेरून घराला एक फेरी. मग छप्पर, पन्हळीचे आणि संडासाचे जुने पाइप, सिलिंगला लावलेले सपाट पत्रे, सिमेंटची पाण्याची टाकी. हात कशालाही लावायचे नाहीत, दोन्ही हात पाठीमागे बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे फिरायचे. नमुना घ्यायचाच असेल तर आधी ती जागा चिंब भिजवायची, पकडीने नखाएवढा तुकडा काढायचा, एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वर खडूने नव्हे, पेनने ठिकाण लिहायचं. नमुने मी पुण्याच्या लॅबला पाठवायचे. तोवर मामांकडून ठाम उत्तर कुणालाही मिळत नसे. "डोळ्याला संशय येतो, मॅडम. खात्री लॅबची," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढे पुढे मीच ते गिऱ्हाइकांना ऐकवू लागले.

तपासणीच्या घरात ते पाण्याचा घोट घेत नसत. काम झालं की बाहेर येऊन हातपाय-तोंड धुवायचे आणि मगच चहा. आपला शर्ट ते स्वतः धुवायचे, ओला करून, वेगळ्या बादलीत. मंदाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हात लावू देत नसत. गवंडी तोंडाला रुमाल बांधून पुढे आला की ते त्याला अडवायचे. "रुमाल शेंबडाला असतो बाबा, ह्याला न्हाई. मास्क आन, जाळीवाला, घट्ट बसनारा." माणसं हसायची. मामाही हसायचे, पण मास्क येईपर्यंत शिडीवर कुणाला चढू देत नसत.

आणि ते घाबरवणारे नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. उलट लोक घाबरले की त्यांना राग यायचा. पत्रा धड असेल तर ते म्हणायचे, "झोपू द्या त्याला. झोपलाय तवर कुनाचं काय बिघडवत न्हाई. रंग मारा, खिळा मारू नका, आन पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशनं शेवाळं घासायची जी खोड हाय ना, ती सोडा." फुटका असेल तर अख्खा पत्रा भिजवून, त्याला धरून ठेवणाऱ्या आकड्यांचे नट सोडवून, दोरीने खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि परवानगीच्या जागी पाठवायचा. राहुरीचं ते घर जोडप्याने घेतलं. मामांनीच घ्यायला लावलं. पत्रे त्यांच्या देखरेखीखाली उतरले आणि एकाचाही तुकडा पडला नाही.

एकदा एका साखर कारखान्याच्या वसाहतीशेजारी आम्ही एका निवृत्त फिटरचं घर बघायला गेलो होतो. मुलगा वरचा मजला चढवणार होता. छप्पर स्लॅबचं, पाइप नवे. मी म्हटलं, इथे काही नाही, चला. मामा मोरीत गेले आणि तिथेच थबकले. कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता आणि त्याच्या नळकांड्याला पांढरट, जाड दोरी गुंडाळलेली होती. ठिकठिकाणी तिचे पीळ सुटून कापसासारखे लोंबत होते.

"कुठली म्हनायची ही?" मामांनी विचारलं.

"बॉयलरची," फिटर आजोबा कौतुकाने म्हणाले. "मी आणली होती. अ‍ॅस्बेस्टॉसची आहे, जळत नाही, बघा. माझ्या हातची गुंडाळी आहे, पंचवीस-तीस वर्षं हललेली नाही."

मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. दुसरा कुणी असता तर तिथेच शिकवायला लागला असता. मामा त्या म्हाताऱ्याशेजारी पाटावर बसले आणि बराच वेळ बॉयलर, शिफ्ट, हंगाम असल्या गप्पा मारत राहिले. उठताना म्हणाले, "गुंडाळी एक नंबर हाय. हाताला कसब हाय तुमच्या. पन आता आपल्याला ही काडावी लागंल. कापूस हाय हा, पन छातीतनं निघत न्हाई." म्हाताऱ्याने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "आमच्या हिला सांगू का? रोज तीच तापवते बंब." मामा म्हणाले, "सांगा. आजच सांगा."

घरी येताना मी त्यांची थट्टा केली, की एरवी माझ्यावर पंप मारता, आणि इथे एवढे गोड कसे झालात? ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुमी धूळ उडवली हुती," ते म्हणाले. "त्यानं कौतुकानं घरी आनल्याली. कौतुकानं आनल्याली वस्तू काडनं लई अवघड."

भंडारदऱ्याचा प्रसंग मात्र निव्वळ तमाशा होता. पुण्याच्या एका गृहस्थाने धरणाजवळ एक जुनं बैठं घर पर्यटकांसाठी घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दोन कामगार शिडीवर चढून, ग्राइंडर लावून छताचे पत्रे कापत होते. सगळीकडे पांढरा धुरळा. मामांनी हाका मारल्या, पण आवाजात कुणाला ऐकू येईना. मग ते मीटरपाशी गेले, मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि व्हरांड्यात मांडी घालून बसले. मालक धावत आला. "कोण तुम्ही? फ्यूज द्या माझा."

"देतो की. आधी त्या दोघांना उतरवा आन आंघोळीला पाठवा. कपडे झटकायचे न्हाईत, भिजवायचे."

मालकाने पोलिसांची भाषा केली. मामा म्हणाले, "बोलवा. लांबनं यायचं हाय त्यांना, तवर धूळ बसंल." पोलीस आले नाहीत, धूळ मात्र बसली. संध्याकाळपर्यंत मालकही निवळला आणि शेवटी त्यानेच मामांना चहा विचारला. परतताना अर्ध्या वाटेत मामांच्या लक्षात आलं की फ्यूज खिशातच राहिला आहे. घाट पुन्हा चढावा लागला. मी त्या दिवशी त्यांच्याशी नगर येईपर्यंत बोलले नाही.

आता त्यांच्या अंगणाबद्दल. मामांना न्यायला मी कधी कधी सकाळी लवकर त्यांच्या गावी जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा जे पाहिलं त्याचं मला हसू आलं होतं. साळवेमामा पाठीवर पंप घेऊन अंगणात सडा घालत होते. सडा घालणं हे बायकांचं काम, आणि तो बादलीतून हाताने शिंपडतात. इथे पुरुषमाणूस अंगणाचा कोपरान् कोपरा पंपाने भिजवत होता, आणि मंदामावशी हातात केरसुणी घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. जमीन पाणी पिईपर्यंत मामा त्यांना बाहेर पाऊल टाकू देत नसत.

समोरच्या ओट्यावरून मामांचा चुलतभाऊ बाळू ओरडला, "दादा, रांगुळी बी काड की आता!"

"काडीन. शिकाय लागंल," मामा म्हणाले.

सगळी गल्ली हसली. मावशीही हसल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. दम खात मला म्हणाल्या, "धुळीनं मला खोकला येतो म्हून हे सडा घालत्यात. गावात नाव झालंय ह्यांचं, बायकूचा गडी म्हनत्यात." बोलण्यात तक्रार होती आणि थोडा तोराही होता.

त्या गल्लीत सात घरं, सगळी साळव्यांच्याच भावकीची. तिकडची काळी माती पावसाळ्यात पायाला किलो-किलोने चिकटते. पण ह्या सात घरांपुढची जमीन मात्र राखाडी, घट्ट आणि कोरडी होती. मी कौतुक केलं तर बाळू म्हणाला, "आमच्या दादाची किरपा. कारखान्यातनं ट्रक भरून चुरा आनला हुता त्यानं. गल्लीचा चिखल घालवला." तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी इंजिनिअर, मामांबरोबर गावोगाव हिंडणारी, आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रकाश पडला तो लॅबच्या कागदाने. सावेडीतल्या एका बंगल्याचे चार नमुने मी पाठवले होते. अहवाल आला पाच नमुन्यांचा. पाचव्यापुढे लिहिलं होतं, "अंगण. सात घरं." आणि पुढे निकाल, अ‍ॅस्बेस्टॉस आहे. मला वाटलं लॅबची गफलत. फोन केला तर ते म्हणाले, तुमच्याच पाकिटात पाच पिशव्या होत्या, पाचवीवरचं अक्षर वेगळं आहे. अक्षर कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा गाडीत होते. घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता. रस्त्यावर बैल, शेरडं, टेम्पो, गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. मी तो कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पाचवी ओळ वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"संशय हुता," ते म्हणाले. "खात्री नव्हती. खात्री नव्हती तवर बरं हुतं."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात फुटक्या पत्र्यांचा चुरा कामगारांना फुकट मिळायचा. पाणी मारून ठोकला की जमीन दगडासारखी होते. मामांनी ट्रक भरून आणला, सात अंगणांत स्वतःच्या हाताने पसरला. त्या वर्षी गल्लीने त्यांना फेटा बांधला होता. पुढे वरचा थर सुटू लागला, आणि बायका रोज सकाळी तो झाडू लागल्या.

"मागल्या साली मंदेला नगरला दाखवलं. डाक्टरनी फोटू काडला. म्हनले, छातीत जुन्या धुळीचे डाग हायेत. मावशी, तुमी कारखान्यात हुता का? ती म्हनली, न्हाई वो, मी कुठली कारखान्यात, मी आपली घरी. डाक्टरनी माज्याकडं बघितलं. मी भिताडाकडं बघितलं." एक बोकड खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता, त्याला त्यांनी हाताने हुसकलं. "डाक्टर म्हनले, कशानं ते पक्कं सांगता येत न्हाई. मी तेवढंच धरून ठिवलं. पक्कं न्हाई, पक्कं न्हाई."

"मामा, मावशींना सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? तुजा चिखल घालवाय गेलो आन तुजा दम घालवला, असं?"

"अंगणावर सिमेंटचा कोबा तरी करून घ्या."

"कोबा केला तर इचारंल, का केला. समदी गल्ली इचारंल." जरा वेळाने म्हणाले, "मी लोकांना इचारतो ना, झाडू कोन मारतं? ते हिच्यामुळं इचारतो."

मला त्या वेळी त्यांचा राग आला, अगदी खरा राग. जो माणूस फिटर आजोबांना "आजच सांगा" म्हणतो, तो स्वतः रोज सकाळी पंप मारून गप्प बसतो. मी बोलूनही दाखवलं. त्यांनी मान खाली घातली. मग मला त्यांची दयाही आली, आणि ह्या दोन गोष्टी एकत्र कशा पेलायच्या ते मला कळेना. आम्ही बाजार ओलांडला आणि काम झालं तसं परतलो.

बुद्धपौर्णिमेला मावशींनी मला खिरीला बोलावलं. दुपार कलल्यावर पोचले. घर धुतलेलं, अंगण ओलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मामांनी वंदना सांगितली आणि पंचशील म्हटलं. त्यानंतर मी स्वयंपाकघरात मावशींना मदतीला गेले. पातेल्यात खीर ढवळत त्या म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू का? ह्यांचा आवाज चौथ्याला बसतो."

"म्हणजे?"

"पाच शीलं असत्यात. तीन कसे खनखनीत म्हनले. पाचवं दारूचं, ते तर कधी शिवले न्हाईत, ते बी खनखनीत. चौथं खोटं न बोलायचं. त्याला घसा धरतो. मागल्या सालापासनं बघते मी." त्यांनी डाव पातेल्याच्या काठावर ठेवला. "तुमच्या संगं गावोगाव हिंडत्यात. कुठं दुसरी बाई-बिई हाय का? असली तर सांगा, मी काय रडनार न्हाई."

मला आधी हसू आलं. "मावशी, तसलं काही नाही. पण आहे काहीतरी. ते त्यांनाच विचारा."

मावशींनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि हाक मारली, "आवं, जरा हिकडं या."

मामा दारात आले. माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं. मी उठून जाऊ लागले तर मावशींनी माझा हात धरून बसवलं. मामा उंबऱ्यावर बसले, खिशातून तो कागद काढला. इतके दिवस तो खिशातच होता, घडीवर फाटायला आला होता. मावशींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. चुरा, ट्रक, सात अंगणं, डॉक्टरचा प्रश्न, लॅब. एक शब्द मऊ केला नाही. गिऱ्हाइकाला सांगत तसंच सांगितलं, फक्त नजर जमिनीवर होती.

खीर खाली लागल्याचा वास यायला लागला. मी गॅस बंद केला.

"आनला तवा तुमाला ठावं हुतं?" मावशींनी विचारलं.

"न्हाई. आमाला कुनी सांगितलं न्हाई."

"आन डाक्टरनी मला इचारलं तवा?"

"तवा ठावं हुतं."

"तवा गप बसला."

"व्हय."

मावशींच्या छातीचा सूं सूं आवाज तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "चिखलाचं मी कधी तुमाला म्हनलं हुतं का? चिखल काय, धुता येतो." एवढं बोलून पदराने डोळे पुसले. मामांनी कपाळ उंबऱ्याच्या चौकटीला टेकलं. मला वाटलं, संपलं, आता इथून निघावं. पण मावशींचं संपलं नव्हतं.

"बाळूची सून पोटुशी हाय," त्या म्हणाल्या. "रोज पाटंचं ती अंगन झाडती. कोरडं. तुमी हितं सडा घालून मला वाचवताय, आन तिचं काय? त्या सात घरात आनलं कुनी?"

मामांनी कागद उचलून घडी घातली.

मावशी उठल्या. कडीची मोठी किटली घेतली, तीत खीर भरली, वर झाकण लावलं. पौर्णिमेची खीर त्या दरवर्षी गल्लीत वाटतच असत. किटली त्यांनी मामांच्या पुढ्यात ठेवली. "आपलं सोडून सा घरं हायेत. दर घरी खीर द्यायची आन सांगायचं. समद्यांना सांगून झालं की या. मंग तुमची खीर वाडते."

"मंदे, भावकी तोंडावर थुकंल."

"थुकू द्या. धुता येतं."

पुढचं थोडक्यात सांगते. दोन घरांनी पुष्कळ दिवस बोलणं टाकलं. एकाने ग्रामपंचायतीत ओरडा केला, आणि त्याचा उपयोगच झाला. पावसाळ्याआधी सातही अंगणं भिजवून त्यांवर मुरूम आणि कोबा घातला, ते काम मी उभं राहून करून घेतलं. मामा त्या वेळी दवाखान्यात होते. त्यांची स्वतःची छातीही तीच हवा पिऊन जुनी झाली होती, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ते गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं. मावशी आहेत. दम लागतो, पण कोब्यावर रांगोळी काढतात. दवाखान्यात मी मामांना तीन-चारदा भेटले, पण नळ्या लावलेले ते मामा मी धरत नाही. माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या पौर्णिमेच्या संध्याकाळचं.

उन्हं उतरली होती. मी गाडीपाशी उभी होते. मामा एका हातात किटली घेऊन बाहेर आले. सवयीने दुसरा हात पंपाकडे गेला. पंप भिंतीला टेकवलेला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. गल्ली ओलांडायला दहा पावलं पुरतात, त्यांना बराच वेळ लागला. बाळूच्या ओट्यापाशी त्यांनी चपला काढल्या. बाळू पेपर वाचत बसला होता. दादाला खीर घेऊन आलेला पाहून तो खुशीत ओरडला, "ये दादा! आज रांगुळी शिकून आला का काय?"

मामांनी किटली ओट्यावर ठेवली. आतून त्याची सून भांडं घेऊन दारात आली, सात-आठ महिने भरलेली, पदर सावरत. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले, कुठल्याही परक्या घरी बांधत तसे, आणि भावाला विचारलं, "बाळू, तुज्या घरी अंगन कोन झाडतं?"